‘आयपीव्ही६ बंद करून टाक’ हा सल्ला काहून ऐकू नये

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे ‘अं… अं…’ झालं ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज आधी फोन हातात घ्या. तसाही हातातच असेल म्हणा. वायफाय बंद करा, मोबाईल डेटा चालू ठेवा आणि ब्राउझरमध्ये ‘व्हॉट इज माय आयपी’ एवढं शोधा. जिओचं सिम असेल तर बहुतेक २४०९ नं सुरू होणारा एक लांबलचक पत्ता दिसेल, मध्ये मध्ये कोलन आणि इंग्रजी अक्षरं. एअरटेल असेल तर २४०१:४९०० अशी सुरुवात दिसेल. हा आयपीव्ही६ चा पत्ता. आता घरच्या वायफायवर या आणि लॅपटॉपवर तेच करा. इथे उत्तरं वेगवेगळी येतील. कुणाला तोच लांब प्रकार दिसेल, कुणाला चार आकड्यांचा जुना, टिंबांचा पत्ता दिसेल. काही साइट दोन्ही पत्ते दाखवतात. म्हणजे एकाच मशीनला एकाच वेळी दोन पत्ते, आणि दोन्ही खरे.

आजचा विषय हाच. एका कॉम्प्युटरवर एकाच वेळी दोन नेटवर्क कशी नांदतात, आणि त्यातलं एक बंद करावं का.

निमित्त एका व्हॉइस नोटचं आहे. अमरावतीहून एका पोट्ट्यानं पाठवली, इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याच शब्दांत सांगतो: “भाऊ, मी घरच्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं, त्याच्यावर एक छोटा सर्व्हर चालवून रायलो. घरात चालते. पण कॉलेजातून लावलं त लागतच नाही. राउटरमधी पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तरी नाही. आन् यूट्यूबवर एक जण सांगते का आयपीव्ही६ बंद करून टाक, सगळं ठीक होते. करू का?”

नको करू राजा. जे तुला हवंय ते मिळण्याची बहुतेक तीच एक वाट उरली आहे, आणि तीच तू बुजवायला निघालास. काहून, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी ‘प्रोटोकॉल स्टॅक’ म्हणजे काय. आपल्याकडे मार्केट यार्डात पोत्यांची थप्पी लागते ना, तेच. स्टॅक म्हणजे थप्पी. सगळ्यात खाली वायर किंवा वायफायचं कार्ड. सगळ्यात वर तुमचं ॲप, म्हणजे व्हॉट्सॲप, ब्राउझर, जे असेल ते. मधल्या थरांचं काम म्हणजे पत्ता लिहिणं, मालाचे तुकडे करणं, तुकडे पोचले का ते पाहणं, हरवलेला पुन्हा पाठवणं. आता गंमत अशी, की खालचं कार्ड एकच आणि वरचं ॲप एकच ठेवून मधली थप्पी दोन प्रकारची लावता येते. एक आयपीव्ही४ ची, एक आयपीव्ही६ ची. (चार नंतर एकदम सहा कसा? पाच नंबर एका प्रयोगाच्या प्रोटोकॉलनं आधीच घेतला होता. तो काही चालला नाही.)

मग वायरवरून माल आला, तो कोणत्या थप्पीचा हे कार्डाला कसं कळतं? प्रत्येक इथरनेट पाकिटाच्या दर्शनी भागावर दोन बाइटची एक खूण असते. तिथे ०८०० लिहिलं असेल तर आयपीव्ही४. ८६डीडी लिहिलं असेल तर आयपीव्ही६. ८१३७ असेल तर आयपीएक्स, त्याच्याबद्दल आता सांगतोच. कार्ड आत काय आहे ते बघत नाही. ड्रायव्हर खूण वाचतो आणि पाकीट ज्याचं त्याच्या हवाली करतो. एवढ्या दोन बाइटांच्या जोरावर एका तारेत दोन दुनिया चालतात. दोघी एकमेकींना ओळखतही नाहीत.

ही सोय पहिल्यापासून नव्हती. तुमच्या मामा-काकांच्या पिढीतल्या कुणाला विचारा, ज्यांनी नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरचा धंदा केला. तेव्हा बँकेच्या शाखेत, ऑफिसात नोवेल नेटवेअरचा सर्व्हर असायचा. काळी कोॲक्सियल केबल, टी-कनेक्टर, शेवटी टर्मिनेटर, आणि कुणाच्या पायानं एक जोड निघाला की सगळ्यांचं काम बंद. नोवेलची भाषा आयपीएक्स. आणि युनिक्सची, इंटरनेटची भाषा टीसीपी/आयपी. डॉसवर अडचण अशी होती, की कार्डाचा ड्रायव्हर एकाच थप्पीला चिकटवलेला असायचा, आणि त्यात प्रोग्रामला मिळून मेमरी ६४० केबी. नोवेलला लागायचं असेल तर एक कॉन्फिग फाइल, युनिक्सला लागायचं असेल तर दुसरी, आणि मध्ये मशीन रीस्टार्ट. मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉमनं मिळून एनडीआयएस नावाची पद्धत काढली, नोवेल आणि ॲपलनं ओडीआय काढली. दोन्हींचा मुद्दा एकच: ड्रायव्हर वेगळा, थप्पी वेगळी, मध्ये एक ठरलेला सांधा. मग एका कार्डावर हव्या तितक्या थप्प्या बसवा. तुमच्या आजच्या विंडोजमध्ये एनडीआयएस अजून आहे, नवी आवृत्ती एवढंच.

विंडोज ९५ आलं तेव्हा हे सगळं चौकटींत टिक करण्यावर आलं. नेटवर्क कार्ड बसवलं की आयपीएक्स आणि नेटब्युई आपोआप यायचे. टीसीपी/आयपी मात्र हातानं जोडावा लागायचा. आज ऐकायला अजब वाटतं, ज्याच्यावर सगळं जग चाललंय तोच पाहुणा होता. डायल-अप कनेक्शन बनवलं की ‘सर्व्हर टाइप्स’ नावाच्या टॅबमध्ये तीन टिक असायच्या: नेटब्युई, आयपीएक्स, टीसीपी/आयपी. जाणकार माणूस पहिल्या दोन काढून टाकायचा. कारण मोडेम जोडल्यावर तिन्ही भाषांची विचारपूस व्हायची, पलीकडे एकच येत असायची, आणि मीटर चालू. तिथे नको ती थप्पी काढणं हा शहाणपणाच होता. मला वाटतं ‘बंद करून टाक’ ही सवय आपल्याकडे तिथूनच आली. तेव्हाचं औषध खरं होतं, रोग मात्र आता तो नाही.

याच काळातली एक गोष्ट आजच्या प्रश्नाच्या फार जवळची आहे. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. सुरुवातीला मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. आपल्या वऱ्हाडातून लावायचं तर एसटीडी. खात्यांचे दोन प्रकार होते, शेल खातं आणि टीसीपी/आयपी खातं. विद्यार्थ्यांच्या वाट्याला शेल खातं, ते स्वस्त. आता फरक बघा. शेल खात्यात तुमचा पीसी इंटरनेटवर नसायचाच. इंटरनेटवर असायचं ते विदेश संचार निगमचं मशीन, थप्पी त्याच्यात, पत्ता त्याला. तुमचा पीसी म्हणजे त्याचा लांबचा पडदा आणि कीबोर्ड. अक्षरं यायची, चित्र नाही. टीसीपी/आयपी खात्यात थप्पी तुमच्या मशीनमध्ये चालायची आणि जोडलेलं असेपर्यंत पत्ता तुमच्या मशीनला मिळायचा. म्हणजे तुम्ही पाहू शकत होता, तसेच दुसऱ्याला दिसूही शकत होता. हा फरक लक्षात ठेवा, कारण तो गेला असं आपल्याला वाटतं आणि तो दुसऱ्या दारानं परत आलाय.

त्याच्याही आधी, १९८६ पासून, अर्नेट होतं. शिक्षण आणि संशोधन संस्थांचं नेटवर्क. आयआयटी, बंगळूरचं विज्ञान संस्थान, आणि मुंबईत जुहूला एनसीएसटी, जिथे श्रीनिवासन रमाणी प्रमुख होते. अर्नेटची भाड्याच्या लाइनींवरची मुख्य यंत्रणा पहिल्यापासून दोन थप्प्यांची होती: टीसीपी/आयपी आणि ओएसआय. ओएसआय हे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं अधिकृत काम, सरकारांचा कौल तिकडे. टीसीपी/आयपी म्हणजे चालून दाखवलेलं काम. त्या वेळी कोण टिकेल हे ठरलं नव्हतं. मग त्यांनी एकावर सगळी बाजी न लावता दोन्ही चालवले. १९९५ पासून जवळपास सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर आली आणि दुसरी थप्पी कुणाला न दुखावता आटली. दोन थप्प्या ठेवण्याचा हा खरा फायदा आहे. वाहतूक न थांबवता तुम्ही वाट बघू शकता. अमेरिकेत अर्पानेटनं १ जानेवारी १९८३ ला एका दिवसात सगळ्यांना जुन्यावरून नव्यावर आणलं होतं, पण तेव्हा मशीनं होती काहीशे. आज असा दिवस ठरवून बघा बरं.

आता येऊ आपल्या पोट्ट्याकडे. त्याचं पोर्ट फॉरवर्डिंग काहून चाललं नाही?

आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा. एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. जगाच्या मधल्या साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा शेवटच्या गठ्ठ्यावर आला आणि रेशनिंग सुरू झालं. नव्या अर्जदाराला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते. २०१९ पासून तेही ५१२. आता विचार करा, तुमच्या तालुक्याला एखाद्यानं अलीकडे फायबरचा धंदा सुरू केला. सरळ मार्गानं त्याला मिळणार ५१२ पत्ते, आणि घरं असतील हजारो. तो काय करेल? एका पत्त्यामागे पुष्कळ घरं बसवेल. याला म्हणतात कॅरियर ग्रेड नॅट. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या मध्ये असेल तर तुम्ही त्या रांगेत आहात. तुमच्या राउटरमध्ये तुम्ही कितीही पोर्ट उघडा, खरा दरवाजा कंपनीच्या मशीनवर आहे आणि तो उघडणं तुमच्या हातात नाही. शेतातल्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर घरून थेट दिसत नाही, त्याला मग कुठल्यातरी कंपनीच्या क्लाउडमधूनच बघावं लागतं, त्याचंही एक मोठं कारण हेच. तुम्ही बाहेर बघू शकता, बाहेरचा तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही. म्हणून म्हटलं, शेल खातं परत आलंय. चित्रं दिसतात, व्हिडिओ दिसतात, पण पत्ता दुसऱ्याचाच.

आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा. तिथे टंचाईच नाही. एका घराला एक पत्ता नव्हे, पत्त्यांचं अख्खं शिवार मिळतं, आणि त्यातला प्रत्येक पत्ता जगाला दिसू शकणारा असतो. आपल्या दूरसंचार विभागानं जुलै २०१० मध्येच याचा आराखडा काढला होता. पण खरा रेटा आला तो ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाल्यावर. कोट्यवधी नवे फोन एकदम जोडायचे, जुने पत्ते आणायचे कुठून? त्यामुळे आज गूगलच्या मोजणीत पहा नाहीतर एपीनिकच्या, आयपीव्ही६ वापरात भारत निम्म्याच्या बराच वर आहे, जगात पहिल्या काही देशांत. हे आपण कुणी ठरवून केलं नाही, गरजेनं झालं. पण झालं.

मग जुनं आणि नवं एकमेकांशी बोलतं कसं? इथे मला मूर्तिजापूरला जावं लागेल.

मूर्तिजापूर जंक्शन ज्यांनी जुन्या दिवसांत पाहिलंय त्यांना आठवेल. मुंबई-हावडा मार्गाचा ब्रॉडगेज रूळ, १,६७६ मिलिमीटरचा. आणि त्याच स्टेशनातून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी शकुंतला, नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर. ही गाडी आता बंद आहे, पण कापसासाठीच ती घातली गेली होती. एका स्टेशनात दोन मापाचे रूळ. याचं नाव आहे ड्युअल स्टॅक. स्टेशन एक, तिकीट खिडकी एक, फलाट दोन्हींचे. तुमचा लॅपटॉप आज मूर्तिजापूर आहे.

पण कापूस अचलपूरहून निघाला आणि जायचाय मुंबईला, तर? नॅरोगेजचा डबा ब्रॉडगेजवर चालत नाही. माल उतरवायचा, हमालांनी उचलायचा, दुसऱ्या डब्यात भरायचा. हे भाषांतर, म्हणजे ट्रान्सलेशन. आयपीव्ही६ चं पाकीट उघडायचं, आतला माल काढायचा, आयपीव्ही४ च्या पाकिटात घालून पुढे पाठवायचा. याला नॅट६४ म्हणतात. काम होतं, पण हमाली लागते, आणि ज्या मालावर पत्ता आतल्या बाजूनं लिहिलेला असतो तो इथे हरवतो. कारण हमाल वरचा पत्ता बदलतो, आतला नाही. काही मोबाईल नेटवर्कांत तुमचा फोनच अर्धी हमाली करतो. फोनच्या सेटिंगमध्ये १९२.०.०.४ असा पत्ता दिसला तर समजा, खाली फक्त आयपीव्ही६ आहे, आणि जुन्या ॲपची समजूत काढायला फोननं आत एक नकली आयपीव्ही४ फलाट बांधलाय.

तिसरा प्रकार टनेल. छोटा डबाच्या डबा उचलून मोठ्या वाघिणीवर ठेवायचा आणि पलीकडे उतरवायचा. म्हणजे एक पाकीट दुसऱ्या पाकिटात. व्हीपीएन हेच करतं. यात वजन वाढतं. हा वजनाचा मुद्दा पुढे येतोय.

बरं, लॅपटॉपला दोन रूळ आहेत, तर कोणत्या गाडीनं जायचं हे कोण ठरवतं? ब्राउझर डीएनएसला दोन प्रश्न विचारतो: या नावाचा जुना पत्ता आहे का, आणि नवा आहे का. दोन्ही मिळाले तर आधी नव्यावर हाक मारतो. साधारण पाव सेकंद वाट बघतो. तिकडून ‘ओ’ आली नाही तर जुन्यावरही हाक मारतो. जो आधी बोलेल त्याच्याशी सोयरीक. या पद्धतीचं नाव ‘हॅपी आयबॉल्स’ असं आहे, मी ठेवलेलं नाही. ती नव्हती तेव्हा नव्या रस्त्यावर खड्डा असला की ब्राउझर वीस-वीस सेकंद ताटकळत बसायचा. त्या काळात कुणीतरी आयपीव्ही६ बंद केलं, साइट झटकन उघडली, आणि सल्ला जन्माला आला.

आजही कधी कधी बंद केल्यावर बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. त्यातलं एक कारण फार मजेशीर आहे. साइट लागते, नाव येतं, वरची पट्टी येते, आणि पान अडकतं. कारण वजन. साध्या इथरनेटवर पाकीट १,५०० बाइटचं चालतं. घरच्या फायबरला पीपीपीओई असेल तर १,४९२. त्यात टनेल असेल तर आणखी कमी. आयपीव्ही४ मध्ये वाटेतला राउटर मोठं पाकीट तोडून पुढे पाठवू शकतो. आयपीव्ही६ मध्ये राउटर तोडत नाही. तो मागे निरोप पाठवतो, ‘पाकीट मोठं आहे, छोटं करून पाठव’. हा निरोप आयसीएमपीव्ही६ नं येतो. आणि कुठल्यातरी उत्साही ॲडमिननं ‘आयसीएमपी म्हणजे धोका’ म्हणून तो सरसकट अडवलेला असतो. मग पाठवणारा तेच मोठं पाकीट पाठवत राहतो आणि ते वाटेत गायब होत राहतं. छोटी पाकिटं जातात म्हणून जोडणी झाल्यासारखी वाटते. दोष अडवलेल्या निरोपाचा, फाशी आयपीव्ही६ ला. मायक्रोसॉफ्टसुद्धा सांगतं की आयपीव्ही६ बंद करू नका, फारच अडलं तर आयपीव्ही४ ला पहिली पसंती द्या.

आता दुसरी बाजू, आणि ही मी हलक्यात घेत नाही. दोन रूळ म्हणजे दोन फाटकं. एकावर गेटमन बसवला आणि दुसरं उघडं ठेवलं तर?

लिनक्सवर बरेच जण आयपीटेबल्सनं फायरवॉल लावतात. ते नियम फक्त आयपीव्ही४ ला लागू होतात. आयपीव्ही६ चे नियम आयपी६टेबल्समध्ये वेगळे लिहावे लागतात. तुम्ही एका बाजूनं एसएसएच बंद करून निवांत झोपता आणि दुसऱ्या बाजूनं ते जगाला उघडं असतं. तुम्हाला आयपीव्ही६ मिळालंय हेच माहीत नसेल तर कळणार तरी कसं? व्हीपीएनचंही तसंच. काही व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ ची वाहतूक बोगद्यात घालतात, आयपीव्ही६ सरळ रस्त्यानं तुमच्या खऱ्या पत्त्यासकट जाते.

कॉलेजच्या लॅबमधला प्रकार आणखी वेगळा. लॅबमध्ये आयपीव्ही६ दिलेलंच नाही, म्हणून सगळे निर्धास्त. पण विंडोजमध्ये ते व्हिस्टापासून मुळातच चालू आहे, आणि मशीनं कान देऊन बसलेली असतात की कुणी राउटर ‘मी आहे’ म्हणतोय का. एखाद्या लॅपटॉपवर इंटरनेट शेअरिंग चालू राहिलं आणि तो ‘मी आहे’ म्हणाला, की आजूबाजूची मशीनं त्याच्यामागे निघतात. कधी निष्काळजीपणानं होतं, कधी मुद्दाम. उपाय स्विचवर असतो, आरए गार्ड नावाचा. ‘आमच्याकडे आयपीव्ही६ नाही’ हा उपाय नव्हे. ते तुमच्याकडे आहेच, फक्त त्याच्याकडे बघणारं कुणी नाही.

तर मित्रा, तू काय कर.

पहिलं, राउटरच्या पानावर बघ कंपनी आयपीव्ही६ देते का. बंद असेल तर चालू कर. पर्यायच नसेल तर कंपनीला फोन करून स्पष्ट विचार, ‘आयपीव्ही६ प्रीफिक्स मिळेल का’. पहिला माणूस समजणार नाही, दुसऱ्याला मागून घे. दुसरं, सर्व्हरच्या पीसीवर पत्ते बघ. एफई८० नं सुरू होणारा फक्त घरातल्या घरात चालतो. तुला २ नं किंवा ३ नं सुरू होणारा हवा. तसे दोन दिसले तर गोंधळू नकोस. त्यातला एक तात्पुरता असतो, खासगीपणासाठी बदलत राहणारा. सर्व्हरला स्थिर असलेला दे. तिसरं, तुझा सर्व्हर नव्या रुळावर ऐकतोय का ते बघ. ऐकायचा पत्ता चार शून्यांचा लिहिला असेल तर तो फक्त जुन्याच रुळावर उभा आहे. दोन कोलनचा पत्ता दे. लिनक्सवर मूळ सेटिंगमध्ये त्या एकाच सॉकेटवर दोन्हीकडचे पाहुणे येतात. विंडोजवर तसं नाही, तिथे ते वेगळं सांगावं लागतं. चौथं, राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या एकाच पत्त्याचं ते एकच पोर्ट उघड, बाकी सगळं बंद. लोक म्हणतात नॅट होतं म्हणून आम्ही सुरक्षित होतो. नॅटनं आडोसा दिला, पण राखण फायरवॉलच करते आणि ती आयपीव्ही६ वरही तशीच करते.

मग मित्राला सांग, वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून लावून बघ. त्याच्या फोनला आयपीव्ही६ आहेच. कॉलेजच्या वायफायवरून मात्र लागणार नाही, जर कॉलेजनं आयपीव्ही६ दिलं नसेल तर. तिथे तुझा सर्व्हर बरोबर आणि कॉलेज मागे.

शेवटी, ज्यांना हे हातानं करून बघायचंय त्यांच्यासाठी एक खेळ. दुसरा कॉम्प्युटर नको, राउटर नको, एक लिनक्सचा लॅपटॉप पुरे. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस नावाची सोय आहे. एकाच कर्नलमध्ये पूर्ण वेगळ्या थप्प्या: वेगळे पत्ते, वेगळे रस्ते, वेगळी फायरवॉल. तुम्ही डॉकर वापरता तेव्हा प्रत्येक कंटेनरला हीच दिलेली असते.

तीन नेमस्पेस बनवा. नावं द्या अकोला, मूर्तिजापूर, अमरावती. अकोला आणि मूर्तिजापूर यांच्यात एक व्हीइथ जोडी टाका, म्हणजे दोन टोकांची नकली केबल. मूर्तिजापूर आणि अमरावतीमध्ये दुसरी. अकोल्याला फक्त आयपीव्ही६ द्या. अमरावतीला फक्त आयपीव्ही४. मूर्तिजापूरला दोन्ही, आणि फॉरवर्डिंगही दोन्हीचं चालू करा. आता अकोल्याहून मूर्तिजापूरला पिंग करा, जाईल. अमरावतीहून मूर्तिजापूरला करा, जाईल. अकोल्याहून अमरावतीला करून बघा. जाणार नाही, आणि का जात नाही ते पाहायला मूर्तिजापूरला टीसीपीडम्प लावा. ड्युअल स्टॅक म्हणजे आपोआप भाषांतर नव्हे, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. फलाट दोन्ही आहेत, पण हमाल नाहीत.

मग मूर्तिजापूरला टायगा नावाचा प्रोग्राम टाका, उबंटूच्या भांडारात आहे. हा हमाल. त्याला एक ९६ बिटांचा प्रीफिक्स द्यावा लागतो. इंटरनेटवर सगळीकडे ६४:एफएफ९बी लिहिलेला सापडेल, तो इथे घेऊ नका. तो खासगी आयपीव्ही४ पत्त्यांसाठी वापरायचा नसतो आणि तुमची अमरावती १९२.१६८ वर असेल तर टायगा माल उचलणार नाही. एफडी नं सुरू होणारा स्वतःचा प्रीफिक्स घ्या. आणि एक गोष्ट विसरू नका: अमरावतीला परतीचा रस्ता सांगा, टायगाला दिलेले आयपीव्ही४ पत्ते मूर्तिजापूरकडे आहेत म्हणून. नाहीतर माल जाईल, पावती येणार नाही, आणि तुम्ही रात्री दोनपर्यंत अकोल्यात दोष शोधत बसाल.